रॉय लिक्टेनस्टाइन : छापील ठिपक्याचा चित्रकार

ऑगस्ट १९४९मध्ये 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकानं जॅक्सन पोलॉकवर एक लेख छापला. अमेरिकेतला हयात असलेला सर्वांत थोर चित्रकार हाच का, असा प्रश्न मथळ्यातच विचारला होता. त्या लेखानं पोलॉकचं नाव घरोघरी पोचलं. जवळपास पंधरा वर्षांनी, ३१ जानेवारी १९६४च्या अंकात, 'लाइफ'नं तोच मथळा उलटा फिरवून वापरला : अमेरिकेतला सर्वांत वाईट चित्रकार हाच का? या वेळी लेख होता रॉय लिक्टेनस्टाइनवर. वय चाळीस, बोलणं मवाळ, आणि आयुष्याची बरीच वर्षं कॉलेजात चित्रकला शिकवण्यात गेलेली. एवढा राग ओढवून घ्यावा असं त्यानं काय केलं होतं? कॉमिक्सच्या स्वस्त पानांतली एखादी चौकट उचलायची आणि ती भिंतीएवढ्या कॅनव्हासवर रंगवायची, असा उद्योग तो तीन वर्षं करत होता. लढाऊ विमानं, स्फोट, रडणाऱ्या तरुणी, त्यांच्या डोक्यावरचे संवादाचे फुगे, सगळं जसंच्या तसं. निदान पहिल्या नजरेला तरी जसंच्या तसं.

साठ वर्षं उलटून गेली तरी ते भांडण मिटलेलं नाही. एक बाजू म्हणते, त्यानं विसाव्या शतकातल्या चित्रकलेला नवी नजर दिली. दुसरी म्हणते, त्यानं गरीब चित्रकारांची चित्रं उचलली आणि स्वतःच्या नावावर खपवली. मला या दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसतं आणि त्यातलं एक खरं मानण्यासाठी दुसरं खोटं ठरवायची गरज वाटत नाही. पण त्याच्या चित्रांपर्यंत नीट पोचायचं तर आधी छपाई समजून घ्यावी लागते. कॉमिक्स हा त्याचा विषय, असं सगळे म्हणतात. माझ्या मते त्याचा खरा विषय छपाई हा होता. माणसाचं दुःख, प्रेम, युद्ध हे सगळं यंत्रातून छापून बाहेर पडलं की ते कसं दिसतं, हे तो आयुष्यभर पाहत राहिला.

रविवारच्या पुरवणीतला कुठलाही रंगीत फोटो भिंगाखाली धरून पाहा. गुलाबी गाल, हिरवं झाड, निळं आकाश यांपैकी काहीच कागदावर नसतं. असतात ते चार शाईंचे ठिपके : निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. ते इतके बारीक असतात की डोळा त्यांची मिसळण स्वतःच करतो. अमेरिकेतल्या जुन्या कॉमिक्समध्ये हीच युक्ती फार ओबडधोबड स्वरूपात वापरलेली असे. बेंजामिन डे नावाच्या न्यू जर्सीतल्या चित्रकार-मुद्रकानं १८७९ साली एक सोपी पद्धत आणली होती. उठावाचे एकसारखे ठिपके असलेल्या पारदर्शक पडद्याला शाई लावायची आणि जिथे फिकी छटा हवी तिथे छपाईच्या साच्यावर तो पडदा दाबायचा. फोटोच्या छपाईत ठिपका लहान-मोठा होतो, इथे मात्र सगळे ठिपके एकाच मापाचे. या पद्धतीला बेन-डे म्हणतात. पुढे तंत्र बदललं, तरी ठिपक्यांना तेच नाव चिकटून राहिलं.

कॉमिक्सच्या रंगांचा हिशेब फार काटेकोर होता. निळा, किरमिजी आणि पिवळा या प्रत्येक शाईच्या पाव, अर्धी आणि पूर्ण अशा तीन छटा. चौथी शक्यता म्हणजे ती शाई मुळीच न वापरणं. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे चौसष्ट रंग. यापलीकडचा रंग कॉमिक्सच्या जगात नव्हताच. गोऱ्या माणसाच्या कातडीसाठी फिकी किरमिजी आणि फिकी पिवळी छटा एकावर एक. काळ्याभोर केसांवर निळी झाक. कुठल्या जागी किती टक्के रंग, याचे आकडे पानाच्या नमुन्यावर लिहून जात. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी ते आकडे पाहून प्रत्येक शाईचा वेगळा साचा हातानं तयार होई. हे काम बहुतेक करून बायका करत. पुढे ते हलक्या कागदावर भराभर छापलं जाई. शाई पसरे, एखादा रंग रेषेबाहेर सरके. १९६२ साली असा अंक १२ सेंटला मिळे आणि वाचून झाला की रद्दीत जाई. आपल्याकडे ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला आहे, त्यांना अशा पानांचा तो किंचित खरखरीत स्पर्श आणि थोडे सरकलेले रंग आठवत असतील.

रॉयचा जन्म २७ ऑक्टोबर १९२३चा, न्यूयॉर्कमधल्या खात्यापित्या ज्यू घरातला. वडील जमीनजुमल्याचे दलाल. ओहायो स्टेट विद्यापीठात चित्रकला शिकत असताना दुसरं महायुद्ध आलं आणि १९४३ साली त्याला सैन्यात जावं लागलं. तिथे त्याच्याकडे जी कामं आली त्यांत एक होतं सैनिकांच्या वर्तमानपत्रातली बिल मॉल्डिनची व्यंगचित्रं वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी मोठी करून काढून देण्याचं. पुढच्या आयुष्याची ही रंगीत तालीमच होती, पण तेव्हा कोणाच्या लक्षात येणार!

युद्धानंतर तो ओहायोला परतला. तिथल्या हॉइट शर्मन या शिक्षकाचा त्याच्यावर फार खोल परिणाम झाला. शर्मन यांचा वर्ग एका मोठ्या अंधाऱ्या दालनात भरे. समोरच्या पडद्यावर एक चित्र क्षणाच्याही छोट्याशा अंशापुरतं झळके आणि विझे. विद्यार्थ्यांनी मिट्ट काळोखात, डोळ्यांत उरलेल्या प्रतिमेवरून ते कागदावर उतरवायचं. यामागे विचार असा की, एवढ्या कमी वेळात डोळा वस्तू ओळखत बसत नाही. ही बाटली, हे सफरचंद असं मनात येण्याआधीच चित्र गेलेलं असतं. उरतात ते आकार, त्यांच्या जागा, त्यांच्यातली अंतरं. सगळ्या चित्राचं एकसंध दर्शन. लिक्टेनस्टाइन कॉमिक्सच्या चौकटीकडे पुढे ज्या नजरेनं पाहू लागला, ती नजर या खोलीत तयार झाली होती. वाचकाला चौकटीत रडणारी मुलगी दिसते. त्याला दिसत होता काळ्या वळणांचा एक गुंता, त्याच्या पोटातला पांढरा अंडाकार आणि वरच्या कोपऱ्यातल्या फुग्याचं वजन.

तरी इथवर यायला वेळ लागला. पन्नाशीच्या दशकात तो क्लीव्हलँडमध्ये राहत होता. कधी यंत्रांचे आराखडे काढ, कधी दुकानांच्या काचा सजव, अशी कामं करून घर चालवत होता. अमेरिकेच्या इतिहासातले प्रसंग पिकासो किंवा क्लेच्या ढंगात रंगवून पाहिले. मग इतरांसारखा अमूर्त अभिव्यक्तिवादाकडे वळला. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पोलॉक, डी कूनिंग यांचं राज्य होतं. कुंचल्याचा एकेक फटकारा म्हणजे चित्रकाराच्या आत्म्याची खूण, असं मानलं जाई. १९५८च्या सुमारास त्याच्या अमूर्त रेखाटनांत मिकी माउस, बग्ज बनी असे चेहरे अर्धवट लपलेले दिसू लागले. १९६० साली तो न्यू जर्सीत, रटगर्स विद्यापीठाच्या डग्लस कॉलेजात शिकवायला आला. तिथे ॲलन कॅप्रो हा सहकारी भेटला. रोजच्या जगातली कुठलीही वस्तू कलेत येऊ शकते, असं मानणारा हा माणूस होता.

आणि १९६१च्या उन्हाळ्यात 'लुक मिकी' झालं. मुलानं मिकीचं पुस्तक दाखवून, बाबा, तुम्हाला असं चित्र काढता येणार नाही, असं चिडवलं आणि बापानं ते काढून दाखवलं, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे. पण चित्र काय सांगतं ते अधिक महत्त्वाचं. डोनाल्ड डक धक्क्यावर उभा राहून मासेमारी करतोय. गळाला मोठं धूड लागलंय म्हणून तो हर्षून ओरडतोय. प्रत्यक्षात गळ अडकलाय त्याच्याच डगल्याच्या मागच्या टोकात, आणि शेजारी मिकी हातमोज्यानं तोंड दाबून हसू आवरतोय. हे आलं १९६०मध्ये छापलेल्या 'डोनाल्ड डक : लॉस्ट अँड फाउंड' या मुलांच्या पुस्तकातून. मूळ चित्र बॉब ग्रँट आणि बॉब टॉटन यांचं. लिक्टेनस्टाइननं त्यातली मागची पात्रं काढून टाकली, धक्क्याची दिशा फिरवली, आकाश आणि पाणी यांचे पिवळे-निळे सपाट पट्टे केले. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच रंग ठेवले. मिकीच्या चेहऱ्यावर लाल आणि डोनाल्डच्या डोळ्यांत निळे ठिपके दिले. ते कशानं? कुत्र्याचे केस विंचरायच्या प्लॅस्टिकच्या ब्रशानं! ब्रश तैलरंगात बुडवायचा आणि कॅनव्हासवर टेकवायचा. म्हणून ते ठिपके वाकडेतिकडे, कुठे गडद कुठे पुसट आहेत. पेन्सिलीच्या रेघाही तशाच दिसतात. यंत्राचं सोंग घेणारा हात इथे अजून शिकतो आहे, आणि म्हणूनच मला हे चित्र त्याच्या नंतरच्या चकाचक चित्रांपेक्षा जवळचं वाटतं. त्यालाही ते जवळचं असावं. ते त्यानं तब्बल तीन दशकं स्वतःपाशी ठेवलं आणि १९९०मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला भेट म्हणून देऊ केलं.

न्यूयॉर्कमधला गॅलरीवाला लिओ कॅस्टेली आणि त्याचा सहकारी आयव्हन कार्प यांनी ही नवी चित्रं पाहिली आणि ठेवून घेतली. त्याच सुमारास अँडी वॉरहॉल नावाचा जाहिरातींचा एक यशस्वी चित्रकार सुपरमॅन, डिक ट्रेसी यांची चित्रं रंगवत होता. एप्रिल १९६१मध्ये एका बड्या दुकानाच्या काचेत ती मांडलीही होती. कॅस्टेलीकडे लिक्टेनस्टाइनचं काम पाहून तो चक्रावला. आपण जे करतोय तेच दुसरा कोणी करतोय, आणि जास्त सफाईनं! वॉरहॉलनं कॉमिक्स सोडून दिली आणि १९६२मध्ये सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं मांडली. लिक्टेनस्टाइनचं कॅस्टेलीकडचं पहिलं प्रदर्शन फेब्रुवारी १९६२मध्ये भरलं आणि उद्घाटनाआधीच सगळी चित्रं विकली गेली. किमती हजार-बाराशे डॉलरच्या घरात होत्या.

त्याची काम करायची रीत समजली की जसंच्या तसं या शब्दातला फोलपणा लक्षात येतो. तो कॉमिक्समधली चौकट थेट पडद्यावर टाकून गिरवत नसे. आधी ती पाहून हातानं एक छोटं रेखाटन करी. याच पायरीवर बरंचसं बदलून जाई. मग ते रेखाटन प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर मोठं करून पेन्सिलीनं उतरवी आणि पुन्हा बदली. त्याचं इझल गोल फिरणारं होतं. चित्र उलटं करून, आडवं करून, आरशात पाहून तो रंगवी, म्हणजे मुलगी किंवा विमान दिसू नये, नुसती रचना दिसावी. शर्मनच्या अंधाऱ्या वर्गाचा धडा तो उजेडात गिरवत होता. कुत्र्याच्या ब्रशाच्या जागी लवकरच भोकं पाडलेली धातूची जाळी आणि स्टेन्सिलं आली. जाळी कॅनव्हासवर धरायची, तैलरंग भोकांतून दाबायचा. जाड काळ्या रेषा आणि सपाट रंगांसाठी तो 'मॅग्ना' नावाचा ॲक्रिलिक रंग वापरी. हा रंग वाळल्यावरही टर्पेंटाइननं विरघळतो. रेषा चुकली की ती पुसून टाकता येते आणि पुसल्याची खूण उरत नाही. पोलॉकच्या चित्रात चित्रकाराची प्रत्येक हालचाल दिसते. इथे पुन्हा पुन्हा केलेली खाडाखोड संपूर्ण नाहीशी केलेली.

१९६३चं 'ड्राउनिंग गर्ल' जरा जवळून पाहू. सध्या ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. साधारण १७० सेंटिमीटरचा, जवळजवळ चौरस कॅनव्हास. मूळ चित्र टोनी अब्रुझो या चित्रकाराचं, 'सीक्रेट हार्ट्स' या प्रेमकथांच्या मासिकाच्या ८३व्या अंकातल्या, नोव्हेंबर १९६२मधल्या गोष्टीचं. मूळ पानावर एक मुलगी पाण्यात गटांगळ्या खातेय आणि मागे उलटलेल्या होडीला धरून तिचा प्रियकर मॅल आहे. तिच्या मनातला विचार फुग्यात लिहिलेला आहे : पायात गोळा आला तरी पर्वा नाही, पण मॅलला मदतीसाठी हाक मारणार नाही. लिक्टेनस्टाइननं होडी आणि प्रियकर काढून टाकले, समुद्राचा पसारा छाटला. उरला फक्त तिचा चेहरा, एक खांदा, एक हात आणि चहूबाजूंनी चढत आलेलं पाणी. मॅलचं नाव ब्रॅड केलं. आणि पायात गोळा आल्याचा उल्लेख गाळला. हा शेवटचा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ वाक्यात बुडण्याला कारण होतं. आता कारण गेलं आणि नुसता हट्ट उरला, म्हणून तिचं बुडणं अपघात न राहता निर्णय झालं.

आता लाटा पाहा. अब्रुझोच्या लाटा पाण्यासारख्या आहेत. लिक्टेनस्टाइनच्या लाटा वेलबुट्टीसारख्या वळतात, त्यांच्या टोकांना फेसाची बोटं फुटतात. ती होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेवरून घेतली, हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. आणि होकुसाईचं ते चित्र तरी काय होतं? एकोणिसाव्या शतकातल्या जपानमध्ये लाकडी ठशांनी छापून माफक किमतीत विकलं जाणारं चित्र. म्हणजे एका स्वस्त छपाईच्या पानात दुसऱ्या स्वस्त छपाईची लाट त्यानं आणून सोडली. मुलीचे निळसर काळे केस त्या लाटेतच मिसळतात, कुठे केस संपतात आणि कुठे पाणी सुरू होतं ते कळत नाही. डोळ्यांच्या कडेला साचलेले अश्रू आणि लाटांचे थेंब यांचा आकारही एकच. अब्रुझोनं एका गोष्टीतला एक क्षण काढला होता. वाचक पान उलटणार, मुलगी वाचणार किंवा बुडणार. लिक्टेनस्टाइनच्या चित्रात उलटायला पान नाही. ती तिथेच आहे, साठ वर्षं.

या रडणाऱ्या बायकांवर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. प्रेमकथांची ती मासिकं किशोरवयीन मुलींसाठी असत. लिहिणारे, काढणारे बहुतेक पुरुष. सोनेरी केस, भरलेले डोळे आणि पुरुषाची वाट पाहणं, याखेरीज त्या नायिकांना काम नसे. लिक्टेनस्टाइननं तो साचा मोडला नाही, त्यानं तो अतोनात मोठा केला. पण मोठा केल्यानंच साचा हा साचा म्हणून दिसू लागला, हेही तितकंच खरं. तळहाताएवढ्या चौकटीत जी मुलगी खरी वाटत होती, ती माणसाच्या उंचीची झाल्यावर तिच्या गालांवरचे लाल ठिपके मोजता येतात. तिचं दुःख छापलेलं आहे, हे मग विसरता येत नाही.

युद्धचित्रांतही हाच खेळ आहे. 'व्हॅम!' हे १९६३चंच. दोन कॅनव्हास शेजारी शेजारी, मिळून चार मीटर रुंद. डावीकडचं विमान रॉकेट सोडतं, उजवीकडचं फुटतं. मूळ चौकट अर्व्ह नोविकची, डीसी कॉमिक्सच्या 'ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर'च्या ८९व्या अंकातली. लिक्टेनस्टाइननं एका चौकटीचे दोन तुकडे केल्यामुळे मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये एक फट पडली. ती फट ओलांडायला प्रेक्षकाला मान वळवावी लागते. लंडनच्या टेट गॅलरीनं १९६६मध्ये हे चित्र ३,९४० पौंडांना घेतलं, तेव्हा विश्वस्तांमध्ये एकमत नव्हतं. आज ते टेटमधल्या सर्वांत ओळखीच्या चित्रांपैकी एक आहे.

ही चित्रं मोबाईलवर पाहून समजत नाहीत, हे आवर्जून सांगायला हवं. पडद्यावर ती पुन्हा कॉमिक्सच्या मापाची होतात, म्हणजे चित्रकारानं केलेलं सगळं काम उलटं फिरतं. डिसेंबर २०२३मध्ये मुंबईच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये अमेरिकन पॉप आर्टचं, म्हणजे रोजच्या बाजारी वस्तू आणि छापील चित्रं कलेत आणणाऱ्या या चळवळीचं, प्रदर्शन भरलं होतं. वॉरहॉल, कीथ हॅरिंग यांच्याबरोबर त्यात लिक्टेनस्टाइनही होता. अशी संधी आली तर चित्रापासून एक पाऊल अंतरावर उभं राहावं आणि मग हळूहळू मागे सरकावं. ठिपक्यांचा रंग कुठल्या अंतरावर होतो, ते ज्याचं त्यानं पाहावं.

१९६५-६६मध्ये त्यानं काढलेली 'ब्रशस्ट्रोक्स' मालिका हे मला त्याचं सर्वांत धारदार काम वाटतं. सुरुवात इथेही कॉमिक्समधूनच झाली. 'स्ट्रेंज सस्पेन्स स्टोरीज'च्या ७२व्या अंकात डिक जिओर्डानोनं काढलेली एका चित्रकाराची गोष्ट होती, त्यात रंगानं थबथबलेला कुंचला धरलेला हात होता. त्यातून लिक्टेनस्टाइननं घेतला फक्त फटकारा. अमूर्त अभिव्यक्तिवाद्यांसाठी फटकारा म्हणजे क्षणात उमटणारी, परत न येणारी, चित्रकाराच्या अंतरातली गोष्ट. लिक्टेनस्टाइननं पारदर्शक ॲसिटेटवर कुंचला फिरवून खरे फटकारे काढले, त्यांतला एखादा निवडला, प्रोजेक्टरनं मोठा केला आणि मग दिवस-दिवस बसून रंगवला. केसांचे ओरखडे काळ्या रेघांनी, ओघळही काळ्या रेघेत बांधलेले, मागे ठिपक्यांची एकसारखी जाळी. उत्स्फूर्ततेचं इतकं सावकाश, इतकं नियोजनबद्ध चित्र दुसरं नसेल. स्वतः ज्या शैलीच्या सावलीत वावरला, तिला त्यानं तिच्याच सर्वांत पवित्र खुणेनं उत्तर दिलं.

त्यानंतर कॉमिक्सची चौकट त्याच्या कामातून बरीचशी मागे पडली, ठिपका राहिला. १९६९मध्ये मोनेच्या रूआं कॅथेड्रलची चित्रं त्यानं ठिपक्यांत केली. जवळ गेलं की फक्त जाळी, लांबून दगडी कमानी. आरसे काढले, ज्यांत कोणाचंच प्रतिबिंब नाही. बार्सिलोनात १९९२ साली पंधरा मीटरच्या आसपास उंचीचं ठिपकेदार शिल्प उभं केलं. अखेरच्या दोन-तीन वर्षांत चिनी निसर्गचित्रांच्या धर्तीवर मोठी चित्रं काढली. लहान होत जाणाऱ्या ठिपक्यांनी त्यांत डोंगर धुक्यात विरत जातात. सगळे ठिपके एकाच मापाचे, हा बेन-डेचा नियम तिथे पाळलेला नाही. २९ सप्टेंबर १९९७ रोजी न्यूमोनियानं तो गेला.

आता दुसऱ्या बाजूकडे. त्याच्यावर नकलेचा आरोप जाहीरपणे करणाऱ्या पहिल्या लोकांत एक कलेचा प्राध्यापक होता. अर्ल लोरान यांनी १९४३च्या आपल्या पुस्तकात सेझानच्या चित्रांची रचना बाण आणि अक्षरं असलेल्या आकृत्या काढून समजावली होती. त्यांपैकी मादाम सेझानच्या चित्राची आकृती लिक्टेनस्टाइननं १९६२मध्ये कॅनव्हासवर रंगवली. लोरान संतापले आणि १९६३मध्ये त्यांनी कलाविषयक मासिकांतून झोड उठवली. कलाजगतानं ती वाचली, तिच्यावर वाद घातला. कॉमिक्सच्या चित्रकारांना असं व्यासपीठ नव्हतं. विल्यम ओव्हरगार्ड यांनी १९६३मध्येच 'टाइम'ला पत्र लिहून, गुगेनहाइम संग्रहालयात लावलेलं एक चित्र आपल्या 'स्टीव्ह रोपर' मालिकेतल्या ६ ऑगस्ट १९६१च्या शेवटच्या चौकटीच्या फारच जवळ जातं, असं सौम्य शब्दांत कळवलं. पुढे काही घडलं नाही. ते चित्र २०११मध्ये ४ कोटी ३२ लाख डॉलरना विकलं गेलं.

युद्ध आणि प्रेमकथांच्या त्या अंकांत चित्रकाराचं नाव बहुतेकदा छापतच नसत. पानामागे ठरलेले पैसे मिळत, हक्क प्रकाशकाचे. लिक्टेनस्टाइनला त्या वेळी नावं ठाऊक नसतील, हे समजण्यासारखं आहे. पण त्यापुढे पस्तीस वर्षं होती. नावं शोधायला प्रकाशकाला एक फोन पुरला असता, असं मला राहून राहून वाटतं. हे त्याच्या चित्रांचं मोल कमी करण्यासाठी म्हणत नाही. अब्रुझोची मुलगी आणि त्याची मुलगी ही दोन वेगळी चित्रं आहेत, हे वर पाहिलंच. पण होकुसाईचं ऋण तो मोकळेपणी सांगत होता. अब्रुझोचं का नाही? होकुसाई संग्रहालयात होता, अब्रुझो रद्दीत होता, एवढाच फरक. ज्या उच्च-नीच भेदावर पॉप आर्टनं बोट ठेवलं, तोच भेद इथे शाबूत राहिला. 'माउस' या चित्रकादंबरीचे कर्ते आर्ट स्पीगेलमन यांचं म्हणणं असं की, वॉरहॉलनं सूपसाठी जेवढं केलं, तेवढंच लिक्टेनस्टाइननं कॉमिक्ससाठी. मला हे थोडं कठोर वाटतं, पण खोडून काढता येत नाही.

१९६२च्या 'ब्लॅम'मधलं फुटणारं विमान मूळ काढलं होतं रस हीथ यांनी, नोविकची चौकट ज्या अंकात होती त्याच अंकात. उतारवयात पैशांची चणचण आलेल्या हीथ यांना 'हीरो इनिशिएटिव्ह' या संस्थेनं मदत केली. कॉमिक्समधल्या थकलेल्या कलावंतांना आधार देणारी ही संस्था. तिच्यासाठी हीथ यांनी एका पानाची चित्रकथा काढली. तीत आपलं विमान लाखो डॉलरना गेलं आणि आपल्या हाती काहीच आलं नाही, हे त्यांनी स्वतःला पात्र करून सांगितलं. २०१८मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी ते वारले. त्याआधी एक वर्ष, २०१७मध्ये, लिक्टेनस्टाइनचं 'मास्टरपीस' साडेसोळा कोटी डॉलरना विकलं गेलं होतं. विकणाऱ्या ॲग्नेस गुंड यांनी त्यांतले दहा कोटी अमेरिकेतल्या तुरुंगसुधारणेच्या कामाला दिले.

२०१३च्या वसंतात टेट मॉडर्नमध्ये लिक्टेनस्टाइनचं भव्य पूर्वलक्षी प्रदर्शन भरलं. त्याच दिवसांत लंडनमधल्याच एका कॉमिक्सच्या दुकानातल्या गॅलरीत आणखी एक प्रदर्शन लागलं. कल्पना साधी होती. कॉमिक्सच्या चित्रकारांनी लिक्टेनस्टाइनची चित्रं बाजूला ठेवायची, त्यामागच्या मूळ चौकटींकडे जायचं, त्यांवरून आपापलं नवं चित्र काढायचं आणि मूळ चित्रकाराचं नाव द्यायचं. 'वॉचमेन' या कॉमिक्सचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी 'व्हॅम!'मागची चौकट घेतली आणि आपल्या चित्राला नाव दिलं 'व्हॉट?'. श्रेय अर्व्ह नोविकला. विक्रीचे पैसे 'हीरो इनिशिएटिव्ह'कडे गेले.